गौरीच्या पानातला दुधी

"कडूपणा दुध्यात नसतो, वहिनी, तो खाणाऱ्याच्या जिभेत असतो," असे चिंतामणराव म्हणाले, आणि आपल्या विधानावर शिक्कामोर्तब करावे तशी त्यांनी दुध्याची भाजी पुन्हा वाढायला सांगितली.

मी पातेले हातात घेऊन पंगतीत उभी होते. अंगावर सोवळ्याची नऊवारी होती आणि सकाळपासून पोटात पाण्याच्या घोटाखेरीज काही गेलेले नव्हते. समोरच्या भिंतीशी गौरी भरजरी साड्या नेसून, नैवेद्य पोचल्याच्या समाधानात बसल्या होत्या. इकडे केळीच्या पानांवर घरची माणसे जेवत होती. आणि अगदी शेवटच्या पानावर माझी सून वृंदा एक घास गालात धरून, डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहत होती. तिला पाचवा महिना होता. आधीचे एक राहिले नव्हते, आणि ते दुःख अजून आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारलेले नव्हते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. तेव्हा माझे केस काळे होते आणि हुकूम देण्याचा अधिकार अजून पूर्णपणे माझ्याकडे आलेला नव्हता. तो माझ्या सासूबाईंकडे होता. माझ्या पिढीपर्यंत आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणण्याची रीत होती. आत्याबाई दाराशी पाटावर जपमाळ घेऊन बसत आणि माळेवरचे बोट न थांबवता साऱ्या घराचे चुकलेले दाखवून देत. देवाचे नाव आणि आमचे दोष ही दोन्ही कामे त्या एकाच श्वासात उरकीत.

चिंतामणराव माझे धाकटे दीर. पुण्याच्या एका महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवीत. लग्न केले नव्हते. बायको खरोखर आहे की नुसती भासते, हे ठरेपर्यंत थांबले असावेत. दरवर्षी गौरींना ते आमच्याकडे मिरजेला येत. आल्या दिवशी दिवाणखान्यातले टेबल खरोखर अस्तित्वात आहे काय, असा प्रश्न उपस्थित करीत, आणि जेवणाची हाक आली की त्याच टेबलाला नीट वळसा घालून पाटावर येऊन बसत. त्यांना टेबलाला धडकलेले मी एकदाही पाहिले नाही.

घरात तिसरे विद्वान म्हणजे आमचे हे. वकिली उत्तम चालत असे. तिच्याच जोरावर त्यांनी हा बंगला बांधला होता, त्यामुळे घरातही ते साक्षीपुराव्याशिवाय काही मान्य करीत नसत. आमचा मुलगा दिवाकर या साऱ्या विद्वत्तेत वाढला असल्यामुळे त्याला स्वतःचे मत असण्याचा त्रास कधीच झाला नाही.

आता दुध्याविषयी सांगते.

त्या वर्षी परसात, न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे, एक दुध्याचा वेल आपोआप उगवला. कोणी बी टोचले नव्हते. कुंपणावर चढून त्याने एक लांबसडक, तुकतुकीत, चित्रात काढावा तसा दुधी धरला. आत्याबाई त्याच्यावर इतक्या प्रसन्न झाल्या की तसे प्रसन्न होताना मी त्यांना सुनांच्या बाबतीत कधी पाहिले नव्हते.

"पेरला नाही, खत घातलं नाही. गौरीनं तिचा तिनं आणलाय," त्या म्हणाल्या. "सोळा भाज्यांत हा हवाच. आणि वेगळा कर. इतर भाज्यांत कालवू नकोस."

गौरी जेवतात त्या दिवशीचा स्वयंपाक आमच्याकडे चाखत नाहीत. देवीच्या आधी कोणाच्या जिभेला त्याचा स्पर्श होता कामा नये. चाखायचा तर नाहीच, हुंगायचाही नाही. फोडणीचा वास आपण होऊन नाकात शिरला तर इलाज नाही, पण नाक मुद्दाम पुढे न्यायचे नाही. मीठ हाताच्या अंदाजाने. एरवी दुधी किंवा काकडी चिरली की देठाकडची चकती जिभेला लावून पाहिल्याखेरीज मी ती कढईच्या जवळपासही येऊ देत नसे. एखादा दुधी कडू निघतो, आणि निघाला की सरळ टाकून द्यायचा असतो, हे मला माझ्या आईने शिकवले होते.

म्हणून सकाळी विळीवर बसल्या बसल्या मी विचारले, "आत्याबाई, वेल आपसूक आलेला आहे. एक चकती जिभेला लावून बघते."

"कुणाच्या जिभेला?"

"माझ्या."

"म्हणजे गौरीच्या आधी तू जेवणार."

"जेवणार नाही. लावून थुंकून टाकीन."

"वा! गौरीचा नैवेद्य थुंकणार. हे तर त्याहून छान."

"एरवी आपण बघतोच ना?"

"एरवी तो आपण खातो, यमुने. आज ती खाणार आहे."

दुपारी तो आपणच खाणार होतो, ही बारीकशी गोष्ट या युक्तिवादात बसत नव्हती. पण आत्याबाईंच्या युक्तिवादात न बसणाऱ्या गोष्टी बाहेरच उभ्या राहत. हरभऱ्याची डाळ घालून, ओले खोबरे पेरून दुध्याची भाजी झाली. दिसायला अशी देखणी, की गौरींच्या मुखवट्यांवरही कौतुक उमटल्यासारखे वाटले.

नैवेद्य झाला, आरती झाली आणि पहिली पंगत बसली. घरातल्या बायका मागून जेवीत; परंतु गर्भारशीला उपाशी ठेवायचे नाही म्हणून वृंदाला पहिल्या पंगतीत बसवले होते. ती इंदूरची. मोकळ्या घरातली, हसऱ्या तोंडाची. मात्र आमच्याकडे आल्यापासून ती हसण्याआधी आत्याबाईंकडे पाहायला शिकली होती. आदल्या वर्षी गौरींना ती माहेरी होती, म्हणून तिची ती पहिलीच गौर. पानात काही टाकायचे नाही आणि प्रसादाला नाव ठेवायचे नाही, एवढे तिला आदल्या दिवशी बजावून सांगण्यात आले होते. सांगण्याचे काम आत्याबाईंनी केले होते, म्हणजे ते नीटच झाले होते.

आणि तरीही, मी तिच्या पानाजवळ आले तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई, ही भाजी कडू आहे."

माळ थांबली. ती माळ थांबल्याचे मी त्यापूर्वी एकदाच पाहिले होते, मामंजी गेले तेव्हा.

"काय म्हणाली ती?"

"भाजी कडू लागतेय म्हणते," मी म्हणाले.

"डोहाळ्यांत असंच होतं. दिवाकरच्या बापाच्या वेळी मला पाणीसुद्धा कडू लागायचं. प्यायलेच ना मी? खा गं. प्रसाद आहे."

"अगं, तुला हल्ली सगळंच कडू लागतं," दिवाकर म्हणाला. आजीच्या बाजूने बोलायची संधी तो कधी दवडीत नसे. "परवा चहासुद्धा कडू लागला होता."

"परवा चहात साखरच नव्हती," वृंदा पानाकडे पाहत म्हणाली.

यांनी घसा साफ केला. तो आवाज आला की मिरजेचे न्यायालय आमच्या जेवणघरात भरे. "सूनबाई, इथे पंगतीला आम्ही सगळे आहोत. बाकी कोणाची तक्रार नाही. एकट्या साक्षीदाराच्या तोंडी सांगण्यावरून भाजीला दोषी ठरवता येत नाही."

"पण बाबा, तुम्हाला नाही लागली कडू?"

यांनी भाताचा मोठा घास घेतला. घास तोंडात असताना साक्ष देता येत नाही.

आणि मग चिंतामणरावांना विषय सापडला. सकाळपासून टेबलाखेरीज काही हाती लागले नव्हते. आता त्यांचा चेहरा पुरणपोळीवर तूप पडावे तसा उजळला.

"वृंदा खोटं बोलत नाही, बरं का," ते म्हणाले. "तिला कडू लागते, हे निर्विवाद. प्रश्न असा की त्यावरून भाजी कडू *आहे*, असं म्हणता येईल काय? तापात साखरदेखील कडू लागते. मग साखर कडू असते काय?"

"ताप कुणाला आहे, भाऊजी?" मी विचारले.

"मुद्दा तापाचा नाही, वहिनी."

"मग काढलात कशाला?"

"मुद्दा असा, की लागणं वेगळं आणि असणं वेगळं. आपल्याला जे मिळतं ते नुसतं लागणं. त्यावरून असण्यावर उडी मारायची, तर पायाखाली काहीतरी आधार हवा. तो कुठे आहे?"

"काल तुम्ही बाजारातून सायकलवरून येताना रस्त्यात म्हैस बसली होती. तुम्ही उतरलात ना?"

"उतरलो."

"दिसणं वेगळं आणि असणं वेगळं म्हणून पुढे नाही गेलात."

"ती सवय, वहिनी. तिला ज्ञान म्हणत नाहीत."

"बरी सवय आहे. मोडू नका."

दिवाकरला हसू आले. आजीकडे पाहून त्याने ते परत आत घेतले. परंतु चिंतामणराव ते हसण्यावारी नेणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी तरुण मुलांना निरुत्तर केले होते, आणि सोवळ्यातल्या एका वहिनीपुढे हार घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पानातली उरलेली भाजी बोटांनी निपटून खाल्ली आणि तेव्हा ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले, की कडूपणा दुध्यात नसून जिभेत असतो. आणि भाजी पुन्हा मागितली.

"वाढ त्याला," आत्याबाई म्हणाल्या. "गौरी जेवत्या दिवशी कुणाला नाही म्हणत नाहीत. आणि तू खा गं. गालात काय धरून बसलीस? गीळ."

वृंदाने माझ्याकडे पाहिले.

ती तक्रार करीत नव्हती, रडतही नव्हती. सासरच्या चार शहाण्यांनी तिला एकापाठोपाठ सांगितले होते, की तुझ्या तोंडात जे आहे ते तुझ्या तोंडात नाही. तिचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत ढासळत होता. तिने डोळे मिटले. ती गिळणार होती.

"थांब," मी म्हणाले. "थुंक ते."

पातेले मी खाली ठेवले. वाकून तिच्या पानातली एक फोड उचलली. उष्ट्या पानातली, तीही मी सोवळ्यात असताना, उपाशी असताना, आत्याबाईंच्या आणि गौरींच्या समोर. आणि तोंडात टाकली.

कारल्याचा कडूपणा ओळखीचा असतो. तो जिभेशी दोन शब्द बोलतो आणि निघून जातो. मेथीचा तर घरातलाच. हा तसा नव्हता. हा थेट घशाच्या तळाशी उतरला आणि तिथून वर चढू लागला. जिभेच्या दोन्ही कडा आकसल्या, कानांच्या मागे कळ आली. मी फोड पदरात थुंकली, तरी तो गेला नाही.

त्या क्षणी मला एकही युक्तिवाद सुचला नाही, आणि त्याची काही गरजही पडली नाही. तो कडूपणा मी मागवलेला नव्हता. सोळा भाज्या करून उभी असलेली बाई काही मागवणारच असेल तर कपभर चहा मागवील. मला डोहाळे नव्हते, ताप नव्हता, आणि सासूबाईंच्या कृपेने स्वतःचे काही भास बाळगायला सवडही नव्हती. कडूपणा बाहेरून आला होता, आणि बाहेर त्या वेळी दुध्याखेरीज दुसरे कोणी नव्हते.

"उठा सगळे," मी म्हणाले.

कोणी हलले नाही. पंगतीतून अर्धवट उठायचे नसते. त्या घरात आगसुद्धा जेवणाअखेरच्या उत्तरापोशनापर्यंत थांबली असती.

"यमुने!" आत्याबाईंचा आवाज चढला. "सोवळं मोडलंस. उष्टं खाल्लंस. वर पंगत उठवतेस? पाणी सोडलं नाही अजून कुणी."

"भाजी कडू आहे, आत्याबाई. विषारी असेल. वृंदाच्या पोटात मूल आहे."

"गौरीचा प्रसाद विषारी?"

"प्रसाद नाही. दुधी."

"अगं," हे म्हणाले, "पण तुझ्या म्हणण्याला पुरावा—"

"पातेल्यात आहे. चाखा."

आमच्या संसारात यांना मी इतक्या वरच्या स्वरात प्रथमच उत्तर दिले. ते इतके चकित झाले की उठून उभे राहिले. दिवाकर वडिलांच्या मागे उठला. कोणीतरी आधी उठावे एवढीच त्याची अट असे. मी वृंदाचा दंड धरून तिला मोरीकडे नेले आणि घशात बोटे घालायला लावली. मागे वळून पाहिले तो काय: पंगतीत एकटे चिंतामणराव बसलेले. मी खाली ठेवलेल्या पातेल्यातून त्यांनी डाव्या हाताने पळी भरून स्वतःच वाढून घेतले होते आणि ते शांतपणे जेवत होते.

"भाऊजी, ठेवा ते खाली!"

"एका जिभेच्या साक्षीला दुसऱ्या जिभेची पुस्ती जोडून काय साधतं, वहिनी?" ते घास घेत म्हणाले. "दोन्ही जिभाच."

एका बाबतीत मी त्यांना मानते. तत्त्वासाठी हालअपेष्टा भोगणारी माणसे मी पुष्कळ ऐकली आहेत. तत्त्वासाठी अशी भाजी दुसऱ्यांदा खाणारा मनुष्य मी एवढाच पाहिला.

वृंदाची ओकारी थांबून ती भिंतीला टेकते न टेकते, तोच मोरीच्या दारात चिंतामणराव आले. चेहरा राखेसारखा. त्यांना काहीतरी म्हणायचे होते. शब्दांच्या आधी दुसरेच बाहेर आले.

मग मात्र घर हलले. यांनी मोटार काढली. मागच्या बाकावर एका बाजूला वृंदा, दुसऱ्या बाजूला बादलीवर ओणवे झालेले चिंतामणराव आणि मध्ये मोडलेल्या सोवळ्यातली मी. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे. आजारी पडायला याहून सोयीची जागा नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर मांगलेकर यांनी सर्व ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला.

"भाजी कडू होती?"

"होती," मी म्हणाले.

"नक्की? कोणी चाखली?"

"मी."

"बास," ते म्हणाले आणि कामाला लागले. त्या घटकेला मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो आजही टिकून आहे. चार वाक्यांत त्यांनी समजावले: कडू निघालेला दुधी म्हणजे विष, आतडी सोलून काढतो, नाडी बुडवतो. जितका पोटात जाईल तितका धोका. चिंतामणरावांच्या उलटीत तोवर रक्त दिसू लागले होते. त्यांना आत नेऊन दोन्ही हातांना सुया टोचल्या आणि बाटल्या टांगल्या.

वृंदाला दुसऱ्या खोलीत निजवले होते. तिच्या पोटात दीड घासाहून अधिक गेले नव्हते आणि त्यातलेही बरेचसे परत आले होते. पण तिने माझा हात धरला होता तो सोडीना.

"आई, मी गिळायला नको होतं."

"दुसरा घास तू गिळला नाहीस. तू पहिल्याच घासाला सांगितलंस."

"मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय."

"तुझं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं ते बाकीच्यांचं."

डॉक्टरांनी तिच्या पोटावर नळी टेकवली आणि कान लावला. जागा बदलली. पुन्हा कान लावला. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज मला त्या वेळी इतका असह्य झाला की मी उठून तो बंद केला. वृंदा छताकडे पाहत होती. आधीच्या वेळीही कोणीतरी असाच कान लावला होता आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नव्हते.

"ठोके आहेत," डॉक्टर म्हणाले. "व्यवस्थित आहेत."

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. नळी इकडे द्या."

ते हसले, सरकले, आणि कान कुठे लावायचा ते दाखवले. आधी काहीच नाही. मग दूर, कापसाच्या ढिगाऱ्याखाली कोणी लहानसे घड्याळ ठेवावे तसे, घाईघाईने चाललेले काहीतरी. मी ते पुरेसे ऐकले. पुरेसे म्हणजे किती, ते मी कोणाला विचारले नाही. मग वृंदाला सांगितले, "आहे. मी ऐकलं." तेव्हा ती रडली.

बाहेर बाकावर हे आणि दिवाकर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना मीठसाखरेचे पाणी दिले होते. मी समोर उभी राहिले. आमच्या घरात माझ्या उभे राहण्याचे अनेक प्रकार आहेत. हा कोणता ते त्यांनी ओळखले.

"एक विचारते. भाजी तुम्हाला कशी लागली होती?"

दिवाकरने बापाकडे पाहिले. बापाने पेल्यात पाहिले.

"कडू," शेवटी हे म्हणाले.

"तुम्हाला?"

"मला वाटलं, तू मेथी घातली असशील. आणि पंगतीत कोणीच काही बोललं नाही. एवढे सगळे खातायत म्हटल्यावर आपलंच तोंड आलं असेल, असं..."

"आणि तू रे?"

"कडूच होती, आई. पण बाबा खात होते. आणि आजी..."

म्हणजे प्रत्येकाच्या तोंडात एकेक साक्षीदार ओरडत होता, आणि प्रत्येकाने शेजारच्याची शांतता ऐकून आपल्याच साक्षीदाराचे तोंड दाबले होते. ते शेजारचेही तेच करीत होते. एकटी वृंदा, जिला त्या घरात सर्वांत कमी बोलण्याची मुभा होती, तिने जे लागले ते सांगितले. आणि तिलाच आम्ही पुरावा मागत होतो.

चिंतामणराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलण्याजोगे झाले. नाडी पहाटेपर्यंत डॉक्टरांना नाचवीत होती. मी गेले तेव्हा ते उशीला टेकून पडले होते, गाल आत गेलेले, आणि खिडकीतून दिसणाऱ्या कडुलिंबाकडे पाहत होते. तो खरोखर आहे काय, याविषयी त्या दिवशी त्यांनी काही शंका व्यक्त केली नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "अतिशय कडू होती हो."

"पहिल्या वेळेला?"

"पहिल्या घासाला."

"मग दुसऱ्यांदा का घेतलीत?"

त्यांनी बराच विचार केला. प्रश्नाचा एवढा प्रामाणिक विचार करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"वाद जिंकत आलो होतो," ते म्हणाले.

उरलेली भाजी मी परसात खोल पुरली, आणि वेल मुळासकट उपटून त्याच खड्ड्यात टाकला. आत्याबाई दारातून पाहत होत्या. माझ्या मोडलेल्या सोवळ्याचा त्यांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही. पुढल्या वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि नवा नियम सांगितला. चिरेपर्यंत दुधी हा नुसता बाजारातला माल असतो; चूल पेटल्यावर तो नैवेद्य होतो. माल पारखून घ्यायला शास्त्राची हरकत नाही. हे कोणत्या शास्त्रात आहे, ते मी विचारले नाही. जिंकलेल्या माणसाने विचारायचे नसते. चिंतामणरावांकडून मी तेवढे शिकले होते.

त्या गौरींच्या आधीच, आषाढात, नातीचे उष्टावण झाले होते. वृंदाला मुलगी झाली होती. लठ्ठ, लालबुंद, आणि कोणाचेही न ऐकणारी. चौरंगावर पाट, पाटावर वृंदा, तिच्या मांडीवर झबल्यातली ती. घरची सारी मंडळी भोवती. चांदीच्या वाटीत खीर. चिंतामणरावांनी खास पुण्याहून येऊन चांदीचा चमचा आणला होता, म्हणून पहिला घास भरवण्याचा मान त्यांना दिला.

त्यांनी चमच्याच्या टोकावर थोडीशी खीर घेतली आणि तिच्या ओठांना लावली.

मुलीने ती जिभेवर घेतली. क्षणभर थांबली. मग साऱ्या चेहऱ्याच्या सुरकुत्या करून, डोळे घट्ट मिटून, अंगाला एक झटका देऊन तिने ती थुंकून टाकली.

पहिला घास थुंकणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. अशा वेळी सगळे हसतात आणि म्हणतात, अजून कळत नाही तिला. कोणी हसले नाही. तिला कळत नाही, असे म्हणण्याचे धाडस त्या खोलीत एकालाही झाले नाही. यांनी चष्मा काढला. दिवाकर वृंदाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चिंतामणरावांच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

माळ थांबली.

"आण ती वाटी इकडे," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, ती उष्टी आहे," मी म्हणाले. "आणि तुमची पूजा व्हायची आहे अजून."

"मला दिसतंय. आण म्हटलं ना."

त्यांनी पणतीच्या लाळेचा तोच चमचा वाटीत बुडवला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. सगळे घर त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे होते. घास त्यांनी जिभेवर इकडून तिकडे फिरवला, गिळला आणि वाटी वृंदाच्या हातात दिली.

"गोड आहे," त्या वृंदाला म्हणाल्या. "पण तूही बघ एकदा."

वृंदाने आत्याबाईंकडे न पाहताच हसून घेतले आणि मग चमचा तोंडाला लावला.

खीर अर्थातच उत्तम झाली होती. ती मी केली होती.